‘फेअर’ वाचताना आधी विचारा : फेअर नाही तर काय?

इंग्रजी शिकायला लागलेल्या माणसाला लांबलचक शब्दांची धास्ती असते. शिकवताना मला नेमकं उलटं दिसतं. लांब शब्दाला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो. शब्दकोशात एकदा पाहिला की काम झालं. घोळ घालतात ते छोटे, रोजचे, आपल्याला येतातच असं वाटणारे शब्द. त्यांत ‘फेअर’ मला सगळ्यात आधी शिकवावासा वाटतो, कारण तो आपल्या कागदपत्रांत जागोजाग बसलेला आहे. उसाचा दर, सोयाबीनची खरेदी, जमिनीचा मोबदला, लंडनच्या भाड्याच्या खोलीची अनामत, अमेरिकेतला क्रेडिट स्कोअर, शिफारसपत्र, दवाखान्याचा केसपेपर, सगळीकडे हाच शब्द आणि दर वेळी निराळा.

मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शब्दकोशातले डझनभर अर्थ पाठ करायला मी सांगणार नाही. एक रीत सांगतो. ती अंगवळणी पडली की पाठांतराची गरज उरत नाही.

पहिली पायरी : हा तोच ‘फेअर’ आहे ना?

देवनागरीत आपण जे ‘फेअर’ लिहितो त्यामागे इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंगं आहेत. एफ-ए-आर-ई म्हणजे प्रवासभाडं. बसचं, टॅक्सीचं, विमानाचं. त्याचा या लेखाशी संबंध नाही, पण ऐकताना दोन्ही सारखेच वाटतात. ‘इज द फेअर फेअर?’ म्हणजे ‘भाडं वाजवी आहे का?’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा, दोघांतला फरक कायमचा लक्षात राहील.

एफ-ए-आय-आर या स्पेलिंगचेही दोन शब्द आहेत. एक नाम : जत्रा, मेळा, प्रदर्शन. बुक फेअर, ट्रेड फेअर, जॉब फेअर. हा लॅटिनमधल्या ‘फेरिया’ म्हणजे सणासुदीच्या दिवसापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. दुसरा आपला विशेषण ‘फेअर’. तो अस्सल जुन्या इंग्रजीतला, तिथे त्याचं रूप ‘फॅगर’ असं होतं आणि अर्थ होता सुंदर, देखणा, मनाला बरं वाटणारा. दोघांचं मूळ एक नाही, त्यामुळे जत्रेचा आणि न्यायाचा संबंध जोडत बसू नका. ‘फेअर’च्या आधी दुसरं नाम आलं (बुक, जॉब, ट्रेड) तर बहुधा मेळा, ‘फेअर’च्या पुढे नाम आलं तर बहुधा विशेषण. एवढी खूण नव्या माणसाला पुरते.

दुसरी पायरी : उलट शब्द शोधा

हीच खरी रीत. ‘फेअर’ दिसला की त्याचा अर्थ शोधायला जाऊ नका, त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधा. स्वतःला विचारा, ‘इथे फेअर नसतं, तर काय असतं?’

उत्तर ‘अनफेअर’ आलं, तर गोष्ट न्यायाची आहे. ‘पुअर’ किंवा ‘गुड’ आलं, तर ती मोजपट्टीवरची एक पायरी आहे. ‘डार्क’ आलं, तर रंग. ‘फाउल’ आलं, तर हवामान किंवा खेळ. ‘रफ’ आलं, तर कागद आणि वही. बहुतेक सगळा पसारा या पाच उत्तरांत मावतो.

एकाच शब्दाला पाच उलट शब्द कसे, याचं कारण त्या जुन्या ‘सुंदर’ अर्थात आहे. सुंदर म्हणजे ज्यात डाग नाही. आकाशात ढग नाही, कागदावर खाडाखोड नाही, मनात पक्षपात नाही. शतकांच्या ओघात तो मूळ अर्थ जवळजवळ पुसला गेला. आज एखाद्या मुलीला ‘फेअर’ म्हटलं तर इंग्रज माणसाला ती सुंदर आहे असं कळत नाही; जुन्या कवितांत आणि परीकथांत तेवढा तो अर्थ उरला आहे. पण फांद्या त्याच खोडाच्या आहेत.

न्यायाचा फेअर

रोजच्या वापरात हा सगळ्यात जास्त भेटतो आणि मराठीत त्याला चांगले शब्द आहेत : न्याय्य, रास्त, वाजवी, उचित, निःपक्षपाती. कुठला कधी वापरायचा हे पुढच्या नामावरून ठरतं. किमतीला ‘रास्त’, मागणीला ‘वाजवी’, निवडणुकीला आणि पंचाला ‘निःपक्षपाती’, भरपाईला ‘उचित’. रेशनच्या दुकानावर ‘रास्त भाव दुकान’ अशी पाटी असते, इंग्रजीत तेच ‘फेअर प्राइस शॉप’. भूसंपादनाच्या २०१३च्या कायद्याचं इंग्रजी नावच ‘राइट टु फेअर कॉम्पेन्सेशन’ असं सुरू होतं आणि मराठीत ‘उचित भरपाई’ असा शब्द आहे. तो १ जानेवारी २०१४ला लागू झाला. त्यात बाजारमूल्याच्या हिशेबावर शंभर टक्के दिलासा रक्कम जोडायची तरतूद आहे. म्हणजे इथला ‘फेअर’ नुसतं शोभेचं विशेषण नाही, त्यामागे कलमं आणि आकडे उभे आहेत. मोबदल्याची नोटीस आली तर तो आकडा कसा काढला हे विचारायचा आधार या शब्दातच आहे.

कोर्टातही हा शब्द जड आहे. मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायची कार्यपद्धती कायद्यात लिहिली आहे एवढं पुरत नाही. ती न्याय्य, उचित आणि वाजवी हवी. तेव्हापासून ‘जस्ट, फेअर अँड रीझनेबल’ हे तीन शब्द वकिलांच्या युक्तिवादात हातात हात घालून येतात. ‘फेअर ट्रायल’, ‘फेअर हिअरिंग’ हे याच घरातले.

मुलांच्या तोंडी मात्र हाच अर्थ अगदी हलका होतो. ‘दॅट्स नॉट फेअर!’ याचं भाषांतर ‘हे न्याय्य नाही’ असं केलंत तर ऐकणारा गोंधळेल. आपली पोरं अशा वेळी ‘असं नाही हं चालणार’ म्हणतात आणि खेळात कुणी लबाडी केली तर ‘रडीचा डाव’. आशय तोच. मराठी घरातलं मूल परदेशी शाळेत जायला लागलं की पहिल्या काही आठवड्यांत हे वाक्य घरी घेऊन येतं. त्याला रागावू नका. तिकडच्या वर्गात ती तक्रार करायची सभ्य रीत आहे आणि शिक्षक ती मनावर घेतात.

‘बरा’ या अर्थाचा फेअर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

‘फेअर’ म्हणजे चांगलं, अशी आपली समजूत असते. मोजपट्टीवर मात्र तो ‘गुड’च्या खाली आणि ‘पुअर’च्या वर बसतो. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : बरा. ‘अभ्यासात कसा आहे?’ ‘बरा आहे.’ या उत्तरात जेवढं कौतुक आहे तेवढंच ‘फेअर’मध्ये, त्याहून काडीमात्र जास्त नाही.

आता हे कागदांवर लावून पाहू. अर्जात ‘इंग्लिश : फेअर’ लिहिलंत, तर वाचणारा ‘कामचलाऊ’ असं समजतो. तुमचं इंग्रजी त्याहून चांगलं असेल तर ‘गुड’ लिहा. नम्रपणा दाखवायला ‘फेअर’ वापरू नका, समोरच्याला त्यात नम्रपणा दिसत नाही. शिफारसपत्रात प्राध्यापकांनी ‘ही इज अ फेअर स्टुडंट’ लिहिलं असेल तर ते पत्र परदेशी विद्यापीठाला पाठवण्याआधी सरांना जरूर भेटा. त्यांच्या मनात ‘प्रामाणिक, सरळ मुलगा’ असेल. वाचणाऱ्याला ‘यथातथा’ कळेल.

अमेरिकेत शिकायला गेलेल्यांना क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण, भेटतो. तिथे सर्रास वापरला जाणारा फिको स्कोअर ३०० ते ८५० असतो आणि त्यातला ५८० ते ६६९ हा टप्पा ‘फेअर’. शब्द गोड वाटतो, पण ‘गुड’ ६७० पासून सुरू होतो. ‘फेअर’ गटात कर्ज मिळतं तेव्हा व्याज सहसा चढं असतं. ‘माझा स्कोअर फेअर आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. हप्ते आणि कार्डाचं बिल वेळेवर भरत राहून पुढच्या टप्प्यात जायचंय, असं समजा.

जुनी पुस्तकं ऑनलाइन घेणाऱ्यांना आणखी एक पट्टी दिसते : फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. इथे ‘फेअर’ म्हणजे मजकुराची पानं सगळी आहेत, पण पुस्तक चांगलंच झिजलेलं, कोरी पानं कदाचित गळालेली. वाचायला घ्यायचं तर हरकत नाही, भेट द्यायला घेऊ नका.

दवाखान्याच्या कागदावर डॉक्टर ‘जनरल कंडिशन फेअर’ लिहितात, घाईत नुसतं ‘जी.सी. फेअर’. रुग्णाची एकंदर स्थिती तूर्त बरी आहे एवढाच त्याचा अर्थ; आजार बरा झाला असा नाही. अमेरिकी इस्पितळं नातेवाइकांना स्थिती सांगताना गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल असे शब्द वापरतात. तिथे ‘फेअर’ म्हणजे रुग्ण शुद्धीवर आहे, नाडी-रक्तदाब स्थिर आहे, पण त्याला त्रास होत असू शकतो. मुलगा किंवा सून तिकडे इस्पितळात आहे आणि इथे आई-वडील फोनला कान लावून बसलेत, अशा वेळी हा फरक माहीत असणं मोलाचं असतं. ‘फेअर’ ऐकून घाबरायचं नाही, पण ‘आता काही काळजी नाही’ असंही समजायचं नाही.

युरोपातल्या हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात ‘गुड’नंतरची दुसरी पायरी ‘फेअर’ आहे, त्याखाली ‘मॉडरेट’. आपल्या भारतीय निर्देशांकात ‘फेअर’ नाहीच; तिथे ‘गुड’नंतर ‘सॅटिसफॅक्टरी’ येतं. म्हणून एका देशाच्या पट्टीवरचा शब्द दुसऱ्या देशाच्या पट्टीवर ठेवू नका. आधी अख्खी पट्टी पाहा, मग त्यातली पायरी.

एकाच शिवारात दोन फेअर

ही जोडी मला फार आवडते, कारण दोन्ही लघुरूपं शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातली आहेत.

उसाची एफआरपी. यातला एफ ‘फेअर’चा : फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. २००९-१०च्या हंगामापासून आधीच्या किमान वैधानिक किमतीच्या जागी ही पद्धत आली. २०२५-२६च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये असा दर केंद्राने ठरवला आणि ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. इथे उलट शब्द लावून पाहा. फेअर नाही तर? अनफेअर. हा न्यायाचा फेअर आहे, म्हणून तर त्यासाठी आंदोलनं होतात.

आता सोयाबीन हमीभावाने विकायला खरेदी केंद्रावर न्या. तिथे विचारतात, ‘माल एफएक्यू आहे का?’ इथलाही एफ ‘फेअर’चाच : फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. पण आता उलट शब्द विचारा. अनफेअर माल असतो का? नसतो. माल असतो हलका, भिजका, डागी, काडीकचऱ्याचा. म्हणजे हा मोजपट्टीचा फेअर. सर्वसाधारण बऱ्या प्रतीचा माल एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यासाठी ओलावा, काडीकचरा, फुटके दाणे यांच्या मर्यादा आखलेल्या असतात. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते. माल परत पाठवला तर ‘हा अन्याय आहे’ असं म्हणून वाद घालण्यापेक्षा ‘ओलावा किती आला, मोजून दाखवा’ हा प्रश्न कामाचा आहे, कारण इथल्या ‘फेअर’चं उत्तर मॉइश्चर मीटरवर असतं.

(संगणकावर ‘एफएक्यू’ दिसला तर तो तिसराच. नेहमी विचारले जाणारे प्रश्न. त्यात ‘फेअर’ नाही.)

‘फेअरली’ आणि ‘अ फेअर’

‘फेअर’ला ‘ली’ लागला की दोन्ही अर्थ पुन्हा समोर येतात आणि जागेवरून ओळखायचे असतात. क्रियापदाच्या मागून आला तर न्याय : ‘दे ट्रीटेड अस फेअरली’, त्यांनी आम्हाला नीट, भेदभाव न करता वागवलं. विशेषणाच्या आधी आला तर माप : ‘फेअरली गुड’, बऱ्यापैकी चांगलं. ‘व्हेरी गुड’पेक्षा हे बरंच खाली आहे. साहेबांनी कामावर ‘फेअरली गुड’ शेरा दिला तर पेढे वाटू नका, अजून काय हवं होतं ते विचारा.

नामाआधी आला की ‘अ फेअर अमाउंट’, ‘अ फेअर बिट’ म्हणजे बऱ्यापैकी, बरंचसं. ब्रिटिश लोक ‘अ फेअर फ्यू’ म्हणतात. ‘फ्यू’ आहे म्हणून थोडे समजू नका, अर्थ ‘बरेच’ असा आहे.

आणि ‘फेअर चान्स’ या एका जोडीत दोन्ही अर्थ राहतात. ‘वी हॅव अ फेअर चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकायची बऱ्यापैकी शक्यता आहे. ‘गिव्ह हर अ फेअर चान्स’ म्हणजे तिला रास्त संधी द्या. पहिल्यात उलट शब्द ‘पुअर चान्स’, दुसऱ्यात ‘अनफेअर’. रीत तीच.

हवा, खेळ आणि वही

हे तिन्ही सोपे आहेत, झटकन उरकू.

हवेचा फेअर म्हणजे उघाड, पाऊस-वादळ नसलेली हवा. जुन्या इंग्रजी वायुदाबमापकांच्या तबकडीवर रेन, चेंज, फेअर असे शब्द कोरलेले असत. समुद्रावर याचा उलट शब्द ‘फाउल’. बंदरांच्या परिपत्रकांत ‘फेअर सीझन’ आणि ‘फाउल सीझन’ असे शब्द येतात. पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद राहतात तो फाउल सीझन. त्यावरूनच ‘फेअर-वेदर फ्रेंड’ : चांगल्या दिवसांत सोबत असलेला आणि वाईट दिवसांत दिसेनासा झालेला मित्र.

खेळातला फेअर नियमाच्या चौकटीतला. क्रिकेटच्या नियमांत ४१वा नियम ‘अनफेअर प्ले’चा आहे आणि झेल कधी ‘फेअर कॅच’ मानायचा ते ३३व्या नियमात दिलं आहे. अमेरिकेत नातवंडं बेसबॉल खेळत असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : ‘फेअर बॉल’ म्हणजे आखलेल्या दोन रेषांच्या आत पडलेला चेंडू, ‘फाउल बॉल’ म्हणजे बाहेर गेलेला. त्यात कुणी लबाडी केलेली नसते. आजोबांनी ‘फाउल’ ऐकून पोराला दटावायचं कारण नाही.

वहीचा फेअर आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. रफ वही आणि फेअर वही. कचेऱ्यांत मसुदा मंजूर झाला की ‘आता फेअर करा’ म्हणतात, शुद्ध सरकारी मराठीत ‘स्वच्छ प्रत’. हा वापर भारतात अजून जिवंत आहे, पण अमेरिकन शिक्षकाला ‘फेअर नोटबुक’ म्हणालात तर तो बुचकळ्यात पडेल. तिथे ‘फायनल कॉपी’ किंवा ‘क्लीन कॉपी’ म्हणा.

रंगाचा फेअर

या अर्थाबद्दल मला मनापासून काही सांगायचंय.

भारतीय इंग्रजीत ‘फेअर’ म्हणजे गोरा, हा अर्थ इतका घट्ट बसला आहे की पुष्कळांना शब्द ऐकल्यावर आधी तोच आठवतो. लग्नाच्या जाहिरातींनी तो रुजवला, क्रीमनी वाढवला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि २०२०मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं गेलं. पंचेचाळीस वर्षं हा शब्द घराघरातल्या आरशापुढे होता. किती सावळ्या मुलींनी तो स्वतःविरुद्ध वाचला असेल!

इंग्लंड-अमेरिकेत हा शब्द कातडीइतकाच केसांसाठी वापरतात. ‘शी इज फेअर’ म्हटलं तर तिकडचा माणूस पिंगट-सोनेरी केस डोळ्यांसमोर आणतो. ‘फेअर-स्किन्ड’ हा शब्द बरेचदा उन्हाच्या संदर्भात येतो, अशा कातडीला ऊन लवकर भाजतं म्हणून. त्यात चांगलं-वाईट ठरवलेलं नसतं. आपण मात्र तो शब्द गुणाच्या यादीत टाकतो. परदेशात सहकाऱ्याजवळ कुणाच्या बाळाबद्दल, सुनेबद्दल ‘व्हेरी फेअर’ असं कौतुकाने म्हणालात, तर समोरचा अवघडेल, कधी दुखावेलही. नव्याने इंग्रजी बोलणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे : माणसाच्या रंगासाठी हा शब्द स्वतःहून वापरूच नका. तिकडे तर नकोच, इथेही नको. वाचताना समजला म्हणजे पुरे.

सही करण्याआधी पाहायचे फेअर

इंग्लंडमध्ये खोली भाड्याने घेतलीत तर करारात ‘फेअर वेअर अँड टेअर’ हे शब्द शोधा. नेहमीच्या वापराने होणारी झीज, असा अर्थ. सोफ्याजवळचा गालिचा पायाखाली दबला, भिंतीचा रंग उन्हाने फिका झाला, तर ती झीज. तिचे पैसे अनामतीतून कापता येत नाहीत. गालिच्यावर इस्त्री ठेवून भोक पाडलंत तर ते नुकसान. वाद नेहमी या दोहोंच्या सीमेवर होतो, म्हणून राहायला गेल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, सामानाची यादी तपासा आणि आधीपासूनचे डाग लिहून घरमालकाला ईमेल करा. इंग्लंड-वेल्समध्ये नेहमीच्या भाडेकरारात मालकाने अनामत ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायची असते. ती कुठल्या योजनेत ठेवली ते विचारून घ्या. वाद झाला तर दाद त्याच योजनेकडे मागता येते.

‘फेअर मार्केट व्हॅल्यू’मध्ये न्याय शोधू नका. राजीखुशीने विकणारा राजीखुशीने घेणाऱ्याला ज्या भावाने देईल तो भाव, एवढंच ते आहे. वडिलोपार्जित जुनं घर विकताना आयकरासाठी १ एप्रिल २००१ची ‘फेअर मार्केट व्हॅल्यू’ लागते. ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या, अंदाजाने टाकू नका. कंपनीच्या हिशेबांखाली लेखापरीक्षक ‘ट्रू अँड फेअर व्ह्यू’ लिहितात. त्याचा अर्थ हिशेब खरे आहेत आणि एकंदर चित्र दिशाभूल करणारं नाही. कंपनीत नफा होतोय किंवा पैसे गुंतवायला ती चांगली आहे, असा दाखला तो नाही.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक. ‘फेअर यूज’ ही अमेरिकी कायद्यातली तरतूद आहे. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम लागतं आणि तिथे शब्द ‘फेअर डीलिंग’ आहे : खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, अशी ठरावीक कारणं. दुसऱ्याचं अख्खं गाणं लावून खाली ‘फेअर यूज’ लिहिल्याने संरक्षण मिळत नाही.

बोलताना

ऐकायला सुरुवात केलीत की ‘फेअर इनफ’ दिवसातून अनेकदा कानावर पडेल. ‘पटलं’, ‘ठीक, तुमचं म्हणणं मान्य’ असा त्याचा भाव. शब्दशः ‘पुरेसं न्याय्य’ करू नका. मात्र खालच्या पट्टीत, ओढून म्हटलं तर ‘पटलं नाही पण जाऊ दे’ असंही त्यात असू शकतं, चेहरा पाहा. ‘फेअर पॉइंट’ म्हणजे मुद्दा बरोबर आहे. बैठकीत कुणी तुमची चूक दाखवली तर ‘फेअर पॉइंट, आय विल चेक’ हे फार उपयोगी वाक्य आहे. त्यात कमीपणा नाही आणि चर्चा पुढे सरकते.

‘टु बी फेअर’ने वाक्य सुरू झालं की समजा, आता ज्याच्यावर टीका चालली होती त्याची बाजू मांडली जाणार आहे. ‘टु बी फेअर, ही वॉज अन्वेल’. खरं सांगायचं तर त्याला बरं नव्हतं. आपण ‘खरं सांगायचं तर’ कुठेही वापरतो, इंग्रजीत मात्र हे कुणाच्या तरी बाजूने बोलताना शोभतं. स्वतःची सबब सांगताना वारंवार वापरलं तर ऐकणारा कंटाळतो.

‘फेअर शेअर’ म्हणजे वाट्याचा रास्त हिस्सा, पण ‘मोअर दॅन हर फेअर शेअर ऑफ ट्रबल’ म्हटलं की तिच्या वाट्याला नको इतकी दुःखं आली. ‘फेअर गेम’ म्हणजे जिच्यावर खुशाल टीका करता येईल अशी व्यक्ती किंवा गोष्ट. इथे ‘गेम’ म्हणजे खेळ नव्हे, शिकार. ‘फेअर अँड स्क्वेअर’ म्हणजे सरळ, चोख, कसलीही लबाडी न करता. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना ‘अ फेअर गो’ भेटेल : प्रत्येकाला एक रास्त संधी मिळायला हवी, ही तिथल्या लोकांची आवडती कल्पना.

सरावासाठी आठवडाभर एक करा. इंग्रजी वर्तमानपत्रात, ऑफिसच्या ईमेलमध्ये, औषधाच्या किंवा बँकेच्या कागदावर जिथे ‘फेअर’ दिसेल तिथे पेन्सिलीने त्याच्यावर उलट शब्द लिहा : अनफेअर, पुअर, डार्क, फाउल की रफ. मराठी अर्थ लगेच लिहू नका, दुसऱ्या दिवशी लिहा. जिथे पाचांतला एकही बसत नसेल ते वाक्य वेगळ्या पानावर उतरवा आणि चांगलं इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी दाखवा.